पांढरी दोन, काळी दोन

मराठवाड्यात बहुतेक गावांत, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर पखवाजाशेजारी किंवा कुणाच्या तरी माळवदाच्या घरात, फडक्याखाली झाकलेली एक पेटी असतेच. जॅझ ऐकायला सुरुवात करायची तर आधी ती उघडावी. सा पांढरी दोनवर, म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीमधल्या पांढरीवर, धरावा आणि तिथून वरच्या पांढरी दोनपर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दाबत जावं, काळीला हात लावू नये. सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नि, सां. भजनात मुरलेल्या कानाला हे लगेच ओळखू येतं, काफी थाट. अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतलं पहिलं वादन ‘सो व्हॉट’ एवढ्याच शिदोरीवर निघतं. काफी थाट म्हणतोय, काफी राग नव्हे. रागाचं चलन, त्याच्या ठरलेल्या जागा इथे शोधू नयेत. स्वर तेवढे तेच आहेत.

पुढची पायरी जास्त मजेची. थोडा वेळ पांढऱ्या पट्ट्यांवर फिरून झालं की सा उचलून लगतच्या काळी दोनवर ठेवायचा. तोच थाट आता पाचही काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या जोडीला पांढरी एक आणि पांढरी चार एवढ्यांवर येतो. ‘सो व्हॉट’चा मधला भाग हाच. तंबोरा चालू असताना कुणी मधेच सगळ्या तारा अर्ध्या स्वरानं चढवाव्यात आणि थोड्या वेळानं जिथल्या तिथे आणून ठेवाव्यात, असं कानाला वाटतं. आपल्या बैठकीत हा गुन्हा ठरेल. इथे अख्ख्या वादनाचा जीव त्यात आहे.

सुरुवातीला पॉल चेंबर्सचा बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं जाड तारांचं खर्जातलं वाद्य, एक ओळ म्हणतो आणि तिला दोन ठोक्यांचं उत्तर मिळतं, पहिला लांब, दुसरा तुटक. त्या उत्तराचा वरचा स्वर पेटीवर काढला तर ‘धऽ प’ एवढंच निघतं. बुवांनी चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो उचलावा, तशी ही रीत. म्हणून कीर्तनात बसलेल्या माणसाला या रेकॉर्डची पहिली दोन मिनिटं समजावून सांगावी लागत नाहीत.

खरी गोची मोजण्यात होते. ‘सो व्हॉट’चं एक आवर्तन ३२ बारांचं असतं. बार म्हणजे आपल्या भाषेत चार मात्रांचा एक खंड. म्हणजे १२८ मात्रा, सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर आठ आवर्तनं. पहिली चार पांढरी दोनवर, मग दोन काळी दोनवर, शेवटची दोन पुन्हा पांढरी दोनवर. कागदावर सोपं आहे. ऐकताना मात्र एका फेरीची शेवटची दोन आणि पुढच्या फेरीची पहिली चार एकमेकांना चिकटतात, आणि तीनतालाची सलग सहा आवर्तनं सा हलतच नाही. नेमका तिथे ऐकणारा हरवतो. काळी दोन आली की दचकतो आणि आता कुठे आहोत ते त्याला सांगता येत नाही. यावर उपाय बोटांच्या पेरांचा. दर सोळा मात्रांना एक पेर पुढे सरकवायचं. सहा पेरं झाली की सा चढायलाच हवा. चढला नाही तर चूक आपली. ज्या गड्यांनी हे वाजवलंय ते चुकत नाहीत.

तिकडे या फेरीला कोरस म्हणतात. आपल्याकडे कोरस म्हणजे मागे उभं राहून गाणारी मंडळी, त्यामुळे पुस्तकं वाचताना घोळ होतो. कोरस शब्द दिसला की मनात आवर्तन असं वाचावं, बाकी सगळं सुरळीत होतं. ‘सो व्हॉट’मध्ये माइल्स अशी दोन आवर्तनं वाजवतो, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल ॲडर्ली दोन आणि पियानोवर बिल एव्हान्स एक. माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो त्या समेवर जिमी कॉबनं झांजेवर दिलेला ठोका अपेक्षेपेक्षा मोठा पडला आहे आणि त्याची गुंज बराच वेळ हवेत राहते. या रेकॉर्डमधली माझी सगळ्यात आवडती जागा ती. स्वराची नव्हे, नुसत्या धातूची.

पेटीशी ताडून पाहताना एक अडचण येते, तीही सांगायला हवी. जुन्या प्रतीवर पेटी जुळत नाही, रेकॉर्ड किंचित चढी लागते. दोष बहुधा पेटीचा नसतो. ही तबकडी १९५९ साली दोन दिवसांत झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियानं एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत. मार्चच्या दिवशी मुख्य टेपयंत्र जरा हळू चाललं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही वादनं, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, तीसहून जास्त वर्षं जगानं चढ्या सुरात ऐकली. दुसऱ्या यंत्रावर भरलेली टेप घेऊन १९९२ च्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. दुसऱ्या बाजूला ही भानगड नव्हतीच. आता ज्यांनी त्या तबकडीवरून सूर लावून घरी सराव केला, त्यांनी किती वर्षं आपल्याच वाद्याला दोष दिला असेल, कुणास ठाऊक.

‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा ब्लूज आहे, आणि ब्लूज मोजायला शिकायचं तर याच्याइतका सरळ धडा नाही. ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, म्हणजे ४८ मात्रा. तीनतालाची तीन आवर्तनं, भजनी ठेक्याची सहा. गाणं असेल तर पहिल्या सोळा मात्रांत एक ओळ येते, पुढच्या सोळांत बहुधा तीच ओळ पुन्हा आणि शेवटच्या सोळांत तिचा निकाल लावणारी दुसरी ओळ. खालचा आधारस्वर ठरलेल्या वाटेनं फिरतो. पहिल्या ओळीत सा. दुसऱ्या ओळीत दोन बार मध्यम, दोन बार परत सा. तिसऱ्या ओळीत एक बार पंचम, एक बार मध्यम आणि शेवटी घरी. हा नकाशा एकदा कानात बसला की हजारो रेकॉर्डांत तोच सापडतो. ‘फ्रेडी फ्रीलोडर’चा सा काळी पाचवर आहे. त्यात गंमत अशी केली आहे की पहिली फेरी संपताना शेवटचे दोन बार घरी येतच नाहीत, खालच्या कोमल निषादावर रेंगाळतात. नवख्याला वाटतं मोजण्यात आपण घसरलो. घसरलेलो नसतो, मोजणं चालू ठेवावं. दुसऱ्या बाजूचा ‘ऑल ब्लूज’ याच साच्याचा, फक्त दर बारात सहा मात्रा. ज्याला दादरा येतो त्यानं तो घरचाच समजून ऐकावा. एका फेरीत दादऱ्याची बारा आवर्तनं.

टाळीचं मात्र सांभाळावं लागतं. आपला हात समेवर जातो, एकवर. जॅझमध्ये ढोलवाला पायानं जोडझांज मिटतो ती दोन आणि चारवर. ऐकताना एक-तीनला पाय आणि दोन-चारला चुटकी, असं करून पाहावं. पहिलं मिनिट छान जातं. मग चुटकीचा आवाज पायापेक्षा मोठा असल्यामुळे कान चुटकीलाच सम मानू लागतो आणि सगळं एका मात्रेनं सरकतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पन्नास वर्षं भजन केलेल्या माणसाचंही असंच होईल. सरकलं की चुटकी थांबवावी आणि बास धरावा. तो चारही मात्रा सारख्या चालत असतो आणि आधारस्वर बदलायचा तर बहुतेक वेळा एकवरच बदलतो. तो बदल सापडला की एक सापडला.

आणि झोल, तिकडे त्याला स्विंग म्हणतात. एका मात्रेचे दोन सारखे भाग केले तर ते कवायतीसारखं वाजतं. जॅझवाले सावकाश किंवा मध्यम लयीत मात्रेचे मनातल्या मनात तीन भाग करतात आणि पहिला न् तिसरा वाजवतात. तिस्र जातीचं अंग म्हणा. तुळजापूरच्या वाटेवर गोंधळ्यांचा संबळ ऐकलेल्या माणसाला हा तिनाचा झोल पायात भिनलेलाच असतो. लय वाढवली की हे तीन भाग जवळ येत जातात आणि फार द्रुत वादनात जवळजवळ सरळ दोनच उरतात. म्हणून सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या द्रुत रेकॉर्डांत झोल शोधणाऱ्याची निराशा होते. तिथे झोल मात्रेच्या आत नसतो, कुठल्या स्वरावर जोर दिला त्यात असतो.

पार्करच्या पिढीची आणखी एक सवय आपल्या भजनी मंडळांना ओळखीची वाटेल, फक्त उलटी. आपल्याकडे अभंग जुना आणि चाल नव्या सिनेमाची. त्यांनी जुन्या नाटकातल्या गाण्याच्या आधारस्वरांचा सांगाडा तसाच ठेवला आणि वर नवी चाल बसवली. जॉर्ज गर्श्विनच्या १९३० मधल्या ‘आय गॉट रिदम’च्या सांगाड्यावर अशी डझनांनी वादनं उभी आहेत. सांगाडा ओळखता आला की अनोळखी वादनही अर्धं ओळखीचं होतं.

हे सगळं फार परकं आहे असा समज असेल तर तोही जरा सैल करून घ्यावा. १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढे पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवणारे गोव्याचे वादक संध्याकाळी हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत असायचे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांतलाच. ‘अलबेला’ १९५१ चा. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र जन्मानं पुणतांब्याचे, गोदेच्या काठचे, आपल्या पैठणच्या थोडे वरच्या अंगाचे. ‘शोला जो भडके’ ऐकताना मराठवाड्यातल्या फिरत्या टॉकीजच्या तंबूत बसलेल्या माणसानं स्विंग ऐकलाच होता, त्याचं नाव तेवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या वरातीतला बँड, त्यातली क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गळ्यातला ढोल, हीसुद्धा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतल्या बँडाची लांबची चुलत भावंडं. तिकडे अंत्ययात्रेलाही बँड जातो. जाताना संथ वाजवतो, दफन करून परतताना नाचता येईल असं. टाळमृदंगाच्या गजरात अंत्ययात्रा पाहिलेल्या आपल्या माणसाला यात वावगं वाटू नये.

त्याच न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँगनं २८ जून १९२८ ला शिकागोत भरलेला ‘वेस्ट एंड ब्लूज’ सव्वातीन मिनिटांचा आहे. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, दहा इंची तबकडीवर त्याहून फार मावतही नव्हतं. आपल्या बुवा-खाँसाहेबांनीही याच मापात ख्याल बसवले. दोन्हीकडची ही शिस्त सारखीच, नुसता अर्क काढून द्यायचा. आर्मस्ट्राँग सुरुवातीला एकटाच, ठेक्याशिवाय, दहा-बारा सेकंदांचा आलाप घेतो. आलाप म्हणजे खरं तर उडीच. मग ब्लूजची पाच आवर्तनं. पहिल्यात ट्रम्पेट, दुसऱ्यात ट्रॉम्बोन आणि त्याच्या मागे घोड्याच्या टापांसारखी टकटक. तिसऱ्यात क्लॅरिनेट म्हणते आणि आर्मस्ट्राँग अर्थ नसलेली अक्षरं गात तिला उत्तर देतो. चौथ्यात अर्ल हाइन्सचा पियानो. पाचव्या आवर्तनाची सुरुवात घड्याळ लावून ऐकावी. सा काळी दोनवर आहे. आर्मस्ट्राँग वरचा पंचम धरतो आणि जवळजवळ चार बार सोडत नाही. सोळा मात्रा, तीनतालाचं एक पुरं आवर्तन, एकच स्वर, आणि खाली पियानो ठोके मोजतोय. मग तो स्वर फुटतो आणि खाली येताना तुकडे तुकडे सांडतात. ट्रम्पेटवर वरचा स्वर असा धरायचा तर फुंक जराही कमी-जास्त होऊन चालत नाही. कमी पडली तर सूर उतरतो, जास्त झाली तर फाटतो. बासरीवाल्यांना आणि सनईवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रत्यक्ष मैफलीच्या रेकॉर्डांत मात्र माझं माप ठरलेलं आहे. त्यातली चूक लपवलेली नसावी.

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ७ जुलै १९५६ ची, अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवातली रात्र सगळ्यांना माहीत असते. ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ हे वीस वर्षांपूर्वीचं जुनं वादन दोन भागांचं. दोन भागांच्या मधे टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस उभा राहिला आणि त्यानं ब्लूजची २७ आवर्तनं घेतली. नाव गोव्याचं वाटतं, पण माणूस तिकडचाच, घराणं केप व्हर्दे बेटांवरचं. तीनतालात मांडलं तर ८१ आवर्तनं होतात. एका दमात म्हणता येणार नाही, पण न बसता. पहिल्या चार-पाच आवर्तनांत तो काहीच विशेष करत नाही. लहान वाक्य, तेच थोडं फिरवून, पुन्हा तेच. ठेका मात्र मागे हटत नाही. रंगमंचाच्या कडेला बसलेला काउंट बेसीचा जुना ढोलवाला जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं ताल आपटत होता. सातव्या-आठव्या आवर्तनापासून लोकांचा आवाज वाढू लागतो. सप्त्यात शेवटच्या रात्री ‘ज्ञानबा तुकाराम’ धरल्यावर मृदंग आणि टाळ एकमेकांना ढकलत जातात, मागचा माणूस कधी उभा राहिला ते पुढच्याला कळत नाही, तशी ही चढण आहे. इथे नवीन स्वर कमी आहेत. तेच तेच म्हणण्याचा धीर आहे, आणि जॅझमध्ये हा धीर फार थोड्यांकडे असतो.

आता चूक. गोन्साल्विस चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. रंगमंचावर कोलंबियाचा एक आणि व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा एक असे मायक्रोफोन होते. तो रेडिओच्या मायक्रोफोनात वाजवत राहिला, म्हणून मूळ तबकडीवर त्याचा आवाज पलीकडच्या गल्लीतून यावा तसा येतो. त्या रात्रीची इतर काही वादनं मग स्टुडिओत पुन्हा भरली आणि त्यांवर टाळ्यांचा आवाज चिकटवला. ‘न्यूपोर्टमध्ये प्रत्यक्ष’ म्हणून विकलेल्या तबकडीत बराचसा भाग असा घरात बसून केलेला आहे. पुढे रेडिओची टेप सापडली आणि दोन्ही टेपा शेजारी ठेवून १९९९ मध्ये खरी रात्र बाहेर आली. विकत घ्यायची किंवा ऐकायची तर ती १९९९ ची. पहिली ऐकून ‘एवढं काय त्यात’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचं बरोबरच असतं, त्यांनी टाळ्या ऐकलेल्या असतात.

टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ ला पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकत्र आले. त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉल्कॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती, सभागृह बरंचसं रिकामं राहिलं. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता. बास नीट न आल्यामुळे मिंगसनं तो नंतर वरून पुन्हा भरला. तरीही ‘सॉल्ट पीनट्स’ ऐकताना यांतलं काही आठवत नाही. कीथ जॅरेटच्या २४ जानेवारी १९७५ च्या जर्मनीतल्या कलोनच्या मैफलीतला पियानो तर वरच्या पट्टीत पत्र्यासारखा आणि खाली पोकळ होता, म्हणून तो मधल्या सप्तकातच राहिला आणि डाव्या हातानं एकच घोळका फिरवत राहिला. भाता गळणाऱ्या पेटीवर वाजवणारा माणूसही हेच करतो. तबकडी प्रचंड खपली. मला ती पहिल्या वीस मिनिटांपुरती पुरते.

पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ ही तबकडी मात्र आपल्याकडे मुद्दाम ऐकावी अशी आहे. १९५८ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर त्याची चौकडी भारतातही आली होती. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्यानं नऊ मात्रांचा ठेका उचलला आणि ‘ब्लू रोंडो अ ला टर्क’ झाला, दोन-दोन-दोन-तीन असा. पॉल डेझमंडचा ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचा, तीन-दोन. झपताल दोन-तीन-दोन-तीन चालतो. म्हणजे ‘टेक फाइव्ह’ हा झपताल दुसऱ्या खंडापासून सुरू केल्यासारखा आहे. झपतालाची सवय असलेला तबलजी पहिल्यांदा हमखास सम उलटी धरतो. पियानोचा फिरता तुकडा जिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ती एक.

आता ऐकायच्या सोयीबद्दल, कारण अर्धी निराशा तिथली असते. मोबाइलच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नये, निदान पियानो-बास-ढोल असं त्रिकुट तरी नाही. बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. मोबाइलचा स्पीकर तो स्वर मुळात काढूच शकत नाही, वरची सावली तेवढी देतो. तिघांतला एक माणूस गैरहजर असतो आणि आपण त्याला कंटाळवाणं संगीत म्हणतो. वायरचे साधे हेडफोन पुरतात. एक इअरफोन आपल्या कानात आणि दुसरा मित्राच्या, हे इथे चालत नाही. १९६० च्या आसपासच्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डांत एक वाद्य पूर्ण डावीकडे आणि दुसरं पूर्ण उजवीकडे ठेवलेलं असतं. एकाला नुसता ढोल, दुसऱ्याला नुसता सॅक्सोफोन मिळतो.

मे महिन्यात कूलर चालू असेल तर ढोलावरच्या तारेच्या ब्रशचा आवाज ऐकू येणार नाही. दोन्ही आवाज सारख्याच सळसळीचे, आणि कूलरचा मोठा. ब्रशवाली रेकॉर्ड पहाटे ऐकावी. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून काही ऐकायचंच असेल तर मोठा वाद्यवृंद, एलिंग्टन किंवा बेसी.

जुनी तबकडी आणि यंत्र मिळवायचा नाद असलेल्यांसाठी दोन-तीन गोष्टी. चोरबाजारातून आणलेलं अमेरिकेतलं जुनं यंत्र असेल तर आधी त्याची कप्पी पाहावी. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. त्यांची कप्पी तशीच राहिली तर तबकडी सहाव्या हिश्शानं हळू फिरते आणि सूर साधारण तीन पट्ट्या उतरतो. पांढरी दोनचा ‘सो व्हॉट’ पांढरी सातच्या आसपास येतो आणि माइल्स झोपेतून उठल्यासारखा वाजतो. लोक यंत्र बिघडलं म्हणून पट्टा बदलतात, पट्ट्यानं काही होत नाही. ७८ च्या तबकडीला सुई वेगळी, जाड टोकाची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकवते. ७८ च्या बऱ्याच तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ फडकं. काळ्या रानाची धूळ बारीक असते, ती कोरड्या फडक्यानं पुसली की खाचेत आणखी घट्ट बसते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आणि पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नाही. बेचाळीस डिग्रीच्या दुपारी आडव्या रचलेल्या तबकड्यांच्या पुरणपोळ्या होतात.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबईच्या रंगभवनात १९७८ ला जॅझ यात्रा सुरू झाली आणि सॉनी रॉलिन्स त्या उघड्या रंगमंचावर वाजवून गेला. ते दिवस गेले, पण नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात मैफली होतात. रात्रीची देवगिरी धरली की सकाळी मुंबई. परतीचं तिकीट मात्र त्याच रात्रीचं काढू नये, मैफलीचा दुसरा भाग, म्हणजे दुसरा सेट, हातचा जातो, आणि वादक मोकळे झालेले असतात ते दुसऱ्या सेटमध्येच. अगदी पुढे ढोलासमोर बसलं तर झांज बाकी सगळं खाऊन टाकते. मधल्या रांगेत, बासच्या रेषेत बसावं.

तिथे एका प्रथेशी माझं जमत नाही. प्रत्येक एकल वादन संपलं की टाळ्या. चांगलं असो, बेताचं असो, टाळ्या. त्या गडगडाटात पुढच्या वादकाचे पहिले चार बार वाहून जातात, आणि तो बहुधा आधीच्याचं शेवटचं वाक्य उचलून सुरू करत असतो. म्हणजे नेमका सांधा आपण झाकतो. खुलताबादला उरुसात कव्वाली ऐकणारे चांगली जागा आली की दाद देतात, पाळी संपली म्हणून नाही. तेच बरं. संथ वादनात तर हात मांडीवरच ठेवावेत.

शेवटी ज्या रेकॉर्डसाठी पहाटे कूलर बंद करावा, ती. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचं तळघर. बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ढोलावर. दुपार आणि संध्याकाळ धरून पाच सेट झाले आणि सगळे टेपवर आले. पहिल्याच वादनात मधे वीज गेली आणि ध्वनिमुद्रण मधेच तुटलं. आपल्याला हे सांगायला नको. पुढे पूर्ण संच निघाला तेव्हा ते तुटलेलं वादनही तसंच ठेवलं. इथे बास ठेका धरून बसत नाही. पियानो एक वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि लाफारो ते वरच्या सप्तकात पुरं करतो, कधी तो आधी बोलतो आणि पियानो थांबतो. मोशनचा ब्रश मधे कापड ओढल्यासारखा. सम कुणीच ठोकून सांगत नाही, तिघांनाही ती माहीत असते. मागे पेले किणकिणतात, एक बाई हसते, कुणीतरी बोलतंय. आपल्या बैठकीत अशा माणसाला उठवलं असतं. त्या खोलीतल्या कुणालाही माहीत नव्हतं की पंचविशीतला तो बासवाला अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात जाणार आहे.

रात्रीच्या अखेरीला लाफारोचंच ‘जेड व्हिजन्स’ येतं. बास एकाच वेळी दोन-दोन तारा छेडतो, पियानो फार थोडं बोलतो. ठेका अवघड वाटतो, कारण चार चार करून मोजायला गेलं की हातात एक उरतो. पेरं धरून सावकाश मोजावं, नऊ येतात.